गारवा कुठून गळतो

१९ एप्रिल

ताई आज रस्त्यात पडली.

पुलाजवळ गाड्या तुंबल्या होत्या. एसीतून नुसता गरम वारा. परवाच तर गॅस भरून घेतला होता — पुन्हा तेच! काच खाली केली तर बाहेर भट्टी. ताई म्हणाली, "बारके, तुझं तोंड धुरकट दिसतंय." थोड्या वेळाने म्हणाली, "आणि माझे पाय कुठे गेले गं?" हसत म्हणाली. हिला अशा वेळी हसायला सुचतं कसं!

तिच्या नसांच्या दुखण्याचं हे असंच. अंग तापलं की डोळे मंदावतात, पायांचं लाकूड होतं. गार झालं की पूर्ववत. डॉक्टरीणबाई सांगतात, घाबरू नका, याने कायमचं काही बिघडत नाही. बरोबर आहे. पण त्या घटकेला माणूस अख्खा विझतो, त्याचं काय?

गाडी कडेला घेतली. समोर औषधाचं दुकान होतं, तिथे न्यावं म्हणून दार उघडलं, तर ती सरळ खालीच! काठी एकीकडे, ती एकीकडे. मला एकटीला उचलेना. दोन अनोळखी माणसांनी धरून आत नेलं. दुकानात गारवा होता. बऱ्याच वेळाने ती समोरच्या फळीवरच्या डब्यांची नावं मोठ्याने वाचायला लागली — डोळे परत आले का ते तपासायला. दुकानदाराला वाटलं, बाईंना एवढी सगळी औषधं हवीत.

शाळा बुडली. ती शिकवते ती कर्णबधिर मुलं गणिताच्या तासाला वाट बघून बसली असतील.

आता हे दादाच्या कानावर जाणार. नक्की जाणार.

२० एप्रिल

गेलंच. दादा-वहिनी सकाळीच हजर.

दादाने चपला काढता काढताच निकाल दिला. "ती गाडी विकून टाक. ताई आमच्याकडे येईल. मागची खोली मोकळीच आहे, दिवसभर एसी लावू. शाळा-बिळा आता पुरे झालं."

ताई समोरच बसलेली! हा तिच्याबद्दल बोलतोय, तिच्याशी नाही. ताई म्हणाली, "मी काय कोथिंबीर आहे का रे, फ्रिजमध्ये ठेवायला?" वहिनीला हसू आलं. तिने ते खोकल्यात घालवलं.

दादा वाईट नाही. वाईट असता तर भांडायला सोपं गेलं असतं. काल रात्री उशिरा फोन आला तेव्हा त्याचा आवाज कापत होता, ते मी ऐकलंय. पण त्याची काळजी म्हणजे कुलूप. लावलं की किल्ली याच्या खिशात.

मी म्हटलं, "गाडी मी दुरुस्त करीन."

"तू?"

एवढंच म्हणाला. पण त्या 'तू'मध्ये आमचं अख्खं लहानपण होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "हो, मी! महिनाअखेरपर्यंत गाडी गार झाली नाही, तर ने ताईला."

बोलून बसले. ताईने माझ्याकडे असं बघितलं — की बाई, पैज लावताना मला विचारशील तरी!

२२ एप्रिल

एसीवाल्याकडे गेले. त्याने बॉनेट उघडलं, नळीला मीटर लावलं. "गॅस गेलाय. भरून देतो."

"मागेही भरलात, त्याआधीही भरलात. जातो कुठे?"

"उडतो, बाई. जुनी गाडी आहे."

"गॅस म्हणजे काय पेट्रोल आहे का, जळून संपायला? बंद नळ्यांतच फिरतो ना? मग कुठूनतरी बाहेर पडत असणार!"

डोकं खाजवत म्हणाला, "कॉम्प्रेसर असेल. नाहीतर आतली कॉइल. तिच्यासाठी अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. कशाला या गाडीवर एवढं? विका."

ज्याला विचारावं तो म्हणतो विका! दुखणं म्हशीला, औषध पखालीला. म्हटलं, "आधी कुठे गळतंय ते शोधा, मग काय बदलायचं ते सांगा."

"शोधत बसायला वेळ कुणाला आहे? एवढं आहे तर तुम्हीच शोधा."

चिडून म्हणाला. पण वाक्य चांगलं होतं. म्हटलं, "बरं. शोधते."

येताना गाडीत एकटीच हसत होते. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत मी आयुष्यभर करते काय? लोकांच्या गळतीच्या तक्रारी लिहून घेते. "पाहणी करून कळवतो" हे वाक्य मी झोपेतसुद्धा म्हणत असेन. आता घरचीच तक्रार आलीय, आणि पाहणीला पाठवायला माझ्याशिवाय कुणी नाही.

२३ एप्रिल

कचेरीतून आल्या आल्या बॉनेट उघडलं. आत बघितलं. सगळ्या नळ्या एकमेकींच्या गळ्यात गळे घालून बसल्यात — कोण कुणाची, काही कळेना.

ताई घरात पंख्याखाली, खिडकीशी. फोनवर वाचून मला ओरडून सांगते, मी बाहेरून शोधते. "गॅसबरोबर थोडं तेलही फिरतं म्हणे. जिथून गॅस सुटतो तिथे तेल पाझरतं आणि त्याला धूळ चिकटते. तेलकट काळा डाग शोध!"

तेलकट काळा डाग! अगं बाई, इथे तेलकट काळं नाही असं काय आहे?

चिंध्या घेऊन एकेक नळी पुसून काढली. नखं गेली. पण संध्याकाळपर्यंत एवढं कळलं — पुढची जाळी कोणती, कॉम्प्रेसर कुठला, जाड नळी गार व्हायची, बारीक नळी गरम व्हायची. कालपर्यंत हे सगळं मिळून नुसतं 'इंजिन' होतं.

२४ एप्रिल

साबणाचं पाणी दाट कालवलं. रंगाच्या जुन्या ब्रशने प्रत्येक सांध्याला लावलं. जिथून वारा सुटतो तिथे फुगे येतात — सायकलच्या ट्यूबसारखं. अगदी डोळे फाडून बघत राहिले. एकही फुगा नाही! नाचतच आत गेले. "ताई, कुठेही गळत नाहीये!"

ताईने वाचायचा चष्मा कपाळावर चढवला. "आत गॅस शिल्लक आहे का पण?"

"त्याचा काय संबंध?"

"नळीत वाराच नसेल तर फुगे कशाचे येतील, बारके?"

म्हणजे इतका वेळ मी रिकाम्या नळ्यांना अंघोळ घालत होते! दोघी हसून हसून लोळलो. मग मी मोरीत जाऊन बादली आपटली.

२५ एप्रिल

समोरचे काका फाटकाशी उभे राहून, "काय, गाडीला शाम्पू का?" मी नुसती हसले. दात-ओठ खाऊनही हसता येतं, हे आज कळलं.

२६ एप्रिल

ताई भाड्याच्या गाडीने शाळेत जाऊन बघते म्हणाली. चढावर ड्रायव्हरने एसी बंद केला — गाडी ओढत नाही म्हणे. ताईने सांगितलं, विनवलं. तो म्हणाला, "थोडा उकाडा सोसायची सवय करा, मावशी." ती अर्ध्या वाटेतून परत आली. दार उघडलं तेव्हा भिंतीला धरून उभी होती.

ओल्या टॉवेलात गुंडाळून बसवलं. बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मला भीती वाटते.

शोधणार. कॉम्प्रेसर असो, कॉइल असो, गाडीचा सांगाडा उरला तरी चालेल — शोधणार!

२७ एप्रिल

पुन्हा एसीवाल्याच्या दारात. मला बघून त्याने कपाळाला हातच लावला. म्हटलं, "गॅस भरा, पण आत तो चमकणारा रंग घाला. पुढचं मी बघते."

"कुणी सांगितलं हे?"

"माझ्या बहिणीने. ती गणित शिकवते."

तो चक्क हसला. रंग घातला. आपल्याकडचा जांभळ्या उजेडाचा टॉर्च आणि पिवळा चष्माही काढून दिला. "परत आणून द्या. दोन दिवस एसी लावून गाडी फिरवा, म्हणजे रंग सगळीकडे पोचेल. मग इंजिन बंद करून अंधारात बघा. जिथे हिरवं-पिवळं चमकेल तिथे गळती." मग एकदम आवाज चढवून, "आणि एक. नट म्हणून एकही ढिला करायचा नाही! हा गॅस अंगावर उडाला तर बर्फाने भाजल्यासारखं होतं. डोळे जातील. शोधायचं तुम्ही, सोडवायचं मी."

"कबूल."

दोन माणसांनी हात मिळवावेत तसं वाटलं. हात त्याचेही काळे, माझेही.

२९ एप्रिल

भर दुपारी अंधार कुठून आणायचा? गाडीच्या शेडचं शटर ओढलं, फटींना गोणपाट लावलं. इंजिन बंद. आत अशी उकड, की मीच ताई झाले.

टॉर्च मारला. कॉम्प्रेसर — कोरा! पुढची जाळी इंचाइंचाने पाहिली — कोरी! गॅस भरायची तोंडं — कोरी! मनात म्हटलं, आता सापडलीस. आडवी होऊन गाडीखाली बघितलं. डॅशबोर्डच्या खालच्या अंगाला, एसीचं पाणी ठिबकतं त्या नळीच्या आसपास — हिरवागार झगझगाट.

म्हणजे आतली कॉइल. म्हणजे अख्खा डॅशबोर्ड. एसीवाला म्हणत होता तेच खरं. महिनाही संपला.

तिथेच फरशीवर पडून राहिले. फोन वाजत होता. दादाचा. उचलला नाही.

३० एप्रिल

सकाळी ताईला सांगितलं. ती जराही दचकली नाही. म्हणाली, "ते हिरवं बोटाला कसं लागलं?"

"म्हणजे?"

"तेलकट की पाण्यासारखं?"

हातमोजे घालून जाऊन बघितलं. पाण्यासारखं! तेलाचा अंशही नाही. आणि मग डोक्यात उजेड पडला — परवा मीच इंजिन गार ठेवायचं ते हिरवं पाणी ओतताना सांडलं होतं. वरून सांडलेलं ओघळत मागे गेलं. तेही या टॉर्चखाली तसंच चमकतं! उगीच रात्रभर सुतक पाळलं. पाणी मारून सगळं धुऊन काढलं.

हे होतंय तोच दादा दारात. हातात भली मोठी बॅग — ताईचे कपडे भरायला.

"गाडी गार झाली?"

"नाही. नवा गॅस भरलाय, तोही गळतोच आहे."

"मग? शब्द दिला होतास तू."

"दिला होता. मोडतेय."

त्याला हे अपेक्षित नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. म्हणाला, "लाज नाही वाटत? उद्या रस्त्यात हिला काही झालं तर?"

"तर मी रस्त्यात बसून राहीन तिच्याजवळ. पण पैज माझी आणि तुझी होती. ताई काय पैजेत लावायची वस्तू आहे? मी लावली ती चूक, तू घ्यायला आलास ती तुझी."

ताई काठी टेकत उठली. दादाजवळ गेली. त्याच्या गालाला हात लावला. "बॅग रिकामी आणलीस ना? रिकामीच ने. चहा पिऊन जा."

चहा न घेता गेला. फाटक इतकं आपटलं, की काका बाहेर आले.

१ मे

दादाचा फोन नाही. वहिनीचा आला, कुजबुजत: "सापडलं का?" म्हटलं, नाही. "सापडेल," म्हणाली, आणि घाईने ठेवला.

२ मे

सापडलं! सापडलं!! सापडलं!!!

नीट लिहिते. सकाळी उन्हं वर यायच्या आत शेडमध्ये गेले, तर ताई मागोमाग. "मलाही बघू दे. अजून गार आहे." तिला स्टुलावर बसवलं, पिवळा चष्मा दिला. चित्रातल्या घुबडासारखी दिसत होती. म्हटलं तसं! तिने काठी उगारली.

पुन्हा सगळं तेच. वरून, बाजूने, समोरून — कोरं. मी टॉर्च खाली ठेवला. मी हात टेकले होते. तेव्हा ताई म्हणाली, "तू सगळ्या नळ्यांची फक्त वरची बाजू बघतेयस. नळी गोल असते, बारके. अर्धी तुला दिसतच नाही."

"खाली मान कशी घालू? तिथे बोट शिरत नाही!"

"मान कशाला? आरसा घाल."

पर्समधला आरसा आणला. डावीकडे बॅटरीच्या मागून एक नळी जाते, ती एका पट्टीने आवळलेली आहे. हात वाकडा करून आरसा तिच्याखाली सरकवला. टॉर्च आरशावर.

आरशात हिरवं! पट्टीच्या खालच्या कडेला — अंगठीसारखं, पिवळट हिरवं, तेलकट, चमचमतं. मी आरसा हलवला, पुन्हा तिथे आणला. तरी तिथेच. हातमोज्याचं बोट कसंबसं पोचवलं — तेल! मग आधी ती जागा पुसली, इंजिन सुरू करायचं म्हणून शटर उघडून गाडी बाहेर काढली, एसी चालवला, पुन्हा आत घेऊन इंजिन बंद केलं, पुन्हा बघितलं. पुन्हा हिरवं. साबणाचं पाणी आरशात बघत बघत लावलं. फुगा आला. एवढासा. फुटला. दुसरा आला.

ताईला आरशात दाखवलं. ती कितीतरी वेळ बघत राहिली. "केवढंसं आहे गं," म्हणाली. "आणि याच्यासाठी मला मागच्या खोलीत टाकत होते."

मग आम्ही दोघी त्या शेडमध्ये, काळ्या हातांनी, एकमेकींना धरून उभ्या. उन्हं वर आली तसं मीच तिला आत हाकललं.

३ मे

एसीवाल्याकडे. बोट ठेवून जागा दाखवली. त्याने उरलेला गॅस यंत्रात ओढून घेतला आणि पट्टी सोडवली. खाली नळी घासून घासून चपटी झालेली, मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक. गाडी हलली की पट्टी नळीला कुरतडत होती — वर्षानुवर्षं!

त्याने नळी उजेडात धरली, आरपार बघितलं, मला दिली. "हे वरून जन्मात दिसलं नसतं, बाई. कॉम्प्रेसर बदलून बसलो असतो आणि पुन्हा गॅस गेला असता."

"आणि पुन्हा म्हणाला असतात, उडतो."

"म्हणालो असतो," तो म्हणाला. सरळ माणूस आहे.

नळी नवी, सांध्यांतल्या रबरी कड्या नव्या, पट्टीखाली रबराचा तुकडा. यंत्राने आतली हवा ओढून घेतली, काटा हलतो का ते बराच वेळ बघत उभे राहिलो. हलला नाही. मग मोजून गॅस. एसी लावला, आणि काय सांगू — चेहऱ्यावर असा वारा आला, की डोळे मिटले.

घरी येऊन ताईला आत बसवलं, भर दुपारी, मुद्दाम! त्याच पुलावरून नेलं. गाड्या तशाच तुंबलेल्या. ताईने मांडीवर शाल ओढून घेतली. "बारके, कमी कर गं, थंडी वाजतेय!"

आयुष्यात इतकं गोड वाक्य ऐकलं नाही.

११ मे

गारवा टिकून. ताई रोज शाळेत — सुट्टीतले जादा वर्ग आहेत. मुलांनी तिला बघून बाक वाजवले — त्यांना ऐकू येत नाही, पण लाकडातून थरथर कळते म्हणून सगळे मिळून वाजवतात. ताई सांगताना दोन्ही हातांनी टेबल बडवत होती.

दादाला मुद्दाम फोन करून कळवलं. "बरं," म्हणाला. मग, "कुठे होतं भोक?" सगळं सांगितलं. पूर्ण ऐकून घेतलं त्याने. पण शेवटी, "तरी जपून. लांब-बिंब नेऊ नकोस तिला."

लांबच नेणार!

१८ मे

नेलं. डोंगरात. घाट चढून, उन्हात, एसी लावून — गाडी कुरकुरली, पण ओढलंन! ताईची एक जुनी मैत्रीण तिथल्या कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत मुख्याध्यापिका आहे, तिला भेटायचं म्हणाली. मी आवारात झाडाखाली बसले. दुपारची वेळ, आणि वारा गार! आश्चर्य वाटत होतं. सुट्टीतही काही मुलं तिथेच राहतात; ताई मैत्रिणीबरोबर वर्गांतून हिंडली. काठी होती हातात, पण टेकत नव्हती फारशी. एका वर्गात खडू घेऊन उभी राहिलेली मला खिडकीतून दिसली. पाठ ताठ. कित्येक वर्षांत अशी बघितली नव्हती.

येताना वाटभर गप्प होती. पण हे ते भीती घालणारं गप्प बसणं नव्हे. म्हटलं, दमलीस? म्हणाली, "अजिबात नाही." मी गाणं म्हणत गाडी चालवली. जिंकल्यासारखं वाटत होतं.

२४ मे

मैत्रिणीने तिथे शिकवायला ये म्हणून विचारलं होतं; ताईने त्या डोंगरातल्या शाळेला होकार कळवला. राहायचं तिथेच, आवारातल्या खोलीत. एकटीने. मला विचारलं नाही — सांगितलं. "तिथे बाराही महिने गार असतं, बारके. तिथे मला कुणी सांभाळायला लागणार नाही." 'कुणी' म्हणजे दादा. आणि मी.

दादाचा फोन आला, ओरडत: "तूच फूस लावलीस तिला!" म्हटलं, "नाही रे. मलाही आत्ताच कळलं. पण गाडी माझी आहे, आणि रविवारी तिला मीच पोचवणार."

फोन ठेवला. रडले. मग जाऊन टायरमध्ये हवा भरून आणली.